कासवाची घड्याळं

ताई पालकांना चहा देतात तो काठोकाठ भरून. कागदी पेला, झाकण नाही, बशी नाही, आणि पेला इतका भरलेला की जरा वाकलं तरी बोटं पोळतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना अंदाज नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या दाढीवाल्या बाबांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "अहो, जरा कमी चालला असता."

"कमी दिला की तुमचा एक हात मोकळा होतो," ताई म्हणाल्या, "आणि मोकळा झालेला हात थेट मुलाच्या टॅबवर जातो. मी बघितलंय ना. दोन्ही हातांनी धरा, सावकाश प्या. संपला की सांगा, लगेच भरते."

म्हणजे वर्ग संपेपर्यंत आम्ही सगळे आईबाप भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत पेला धरून, शिक्षा झाल्यासारखे बसून असायचो. समोर सतरंजीवर आमची पोरं टॅबमध्ये नाक खुपसून बसलेली. वाचनालयाचा वरचा मजला, एका बाजूला पुस्तकांची कपाटं, दुसऱ्या बाजूला खिडक्या. सुट्टीतला वर्ग. चिमुकल्यांसाठी कोडिंग.

"सहा वर्षांच्या पोरीला कोडिंग?" मुंगीचे बाबा पत्रक बघून म्हणाले होते. "आधी तिला बुटाची नाडी बांधू दे की."

"नाडी तुम्ही शिकवा. हे मी बघते," मी म्हटलं.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. बारीक चण, चिवट काम, आणि साखरेचा डबा कुठल्या फळीवर हलवलाय ते हिला न सांगता कळतं, म्हणून हे नाव. पत्रकात मला आवडली होती ती एकच ओळ: लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. मी ती माझ्या सोयीने वाचली होती. बोलता येण्याचीही गरज नाही. बोटाने ठोकळे सरकवायचे, पडद्यावरचं चित्र हलतं. तोंड उघडायचं काम नाही.

कारण मुंगी अडखळते. घरात कमी, बाहेर जास्त. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायचं असतं, आणि तिचा ह घशाच्या दारातच अडून बसायचा. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी "ह-ह-ह" सुरू केलं आणि मग सगळा बाक. दुसऱ्या दिवसापासून मुंगी हजेरीला नुसता हात वर करायला लागली. बाई समजूतदार होत्या, त्यांनी तेही चालवून घेतलं. वर्ष संपेपर्यंत घराच्या उंबऱ्याबाहेर तिचं तोंड बंदच झालं. सुट्टीनंतर नवा वर्ग, नव्या बाई. तिथेही हे असंच गेलं तर? मला डोळ्यांसमोर दिसायचं, एक मोठी झालेली बाई कुठल्यातरी कचेरीत हात वर करून बसली आहे आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही.

बाहेर तिचं मी बोलायचे. तिचे ओठ जुळले की मला शब्द कळायचा, मी तो पटकन देऊन टाकायचे. कुठल्या आईला पोर असं टांगलेलं बघवतं? वर्ग सुरू व्हायच्या आधी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो होतो, कागद घ्यायला. मुंगी काउंटरला नाक लावून म्हणाली, "पि... पि..." मी म्हटलं, "पिवळा द्या." दुकानदाराने पिवळा दिला. मुंगीने घेतला. घरी येताना सहज मागे वळून बघितलं तर दुकानाच्या काचेत पिस्ता रंगाचा गठ्ठाही होता. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

वर्गात ताईंनी पहिलंच काम दिलं, सुट्टीचं कार्ड. हलणारं, बोलणारं.

"सुट्टी काय फक्त तुम्हालाच असते?" त्यांनी मुलांना विचारलं. ताई उंच, धिप्पाड, पायात खेळाचे बूट, आणि सतरंजीवर बसल्या तरी मुलांपेक्षा दुप्पट. "घरात, रस्त्यावर, अजून कुणाकुणाला सुट्टी हवी असेल?"

"आमच्या पंख्याला!" एक पोरगा म्हणाला. "तो रात्रभर कण्हतो."

"माझ्या दाताला. तो हलतोय."

"शाळेच्या घंटेला!" हा आवाज भोंग्याचा. भोंगा म्हणजे दाढीवाल्या बाबांची मुलगी. नाव तिच्या बाबांनीच ठेवलेलं, आणि ती नुसती कुजबुजली तरी ते खालच्या मजल्यावरच्या वाचकांना ऐकू जायचं. "तिला समुद्रावर पाठवायचं आणि कुणी वाजवायचंच नाही!"

"छान. ज्याला सुट्टी द्यायची त्याच्यासाठी कार्ड करायचं. कुणासाठी ते आत्ता सांगायचं नाही. शेवटच्या दिवशी मोठ्या पडद्यावर दाखवताना सांगायचं."

सांगायचं. चहा पेल्याबाहेर आलाच थोडा.

काम मात्र मुंगीला आवडलं. पडद्यावर एखादं चित्र आणायचं, आणि त्याच्यासाठी खाली ठोकळ्यांची रांग लावायची. चाल, वळ, उडी मार, बोल. हिरव्या झेंड्यावर बोट ठेवलं की चित्र ती रांग डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि सांगितलं तसं वागतं. दोन चित्रं असली तर दोघांच्या दोन रांगा, ज्याची त्याने वाचायची. बाकी पोरांच्या पडद्यांवर पहिल्याच दिवशी धुमाकूळ सुरू झाला. भोंग्याची घंटा लाटांवरून कोलांट्या मारत होती. पंखेवाल्याने पंख्याला पाय लावून डोंगरावर चढवलं होतं. मुंगीने एक कासव घेतलं, एक छत्री, आणि छत्रीखाली झोपलेली एक बाई. बाईला पिवळा झगा. मग तिने टॅब मांडीवर उभा धरला आणि माझ्याकडे पाठ केली.

मी मान लांब करायची, ताई पेला भरायला यायच्या.

"तिला जमतंय ना?" मी हळूच विचारलं.

"तुम्हाला चहा जमतोय ना?"

आवाज भरायचा दिवस आला. ताईंनी कपाटांच्या मागच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक जाड शाल टाकून तंबू केला होता. एकेका पोराने तंबूत शिरायचं आणि टॅबला आपला आवाज द्यायचा. भोंगा आत गेली आणि खालून ग्रंथपाल वर बघायला आले. मुंगी आत गेली. मी कान टवकारले. काहीच नाही. शालीची झालर तेवढी हलत होती. पुढच्या मुलाने दोनदा विचारलं, "झालं का गं?" ताईंनी त्याला बोटाने गप्प केलं. मुंगी बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना शालीची लव चिकटली होती आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

जाताना मी ताईंना गाठलंच. "रेकॉर्ड झालं?"

"झालं."

"नीट?"

"नीट म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

शेवटच्या वर्गाआधी टॅब घरी दिले, चार्ज करायला. "फक्त चार्ज करा," ताईंनी बजावलं, "उघडून बघू नका. मुलांचं गुपित आहे."

मी बघितलं. सकाळी मुंगीचे बाबा तिला न्हाऊ घालत होते, मोरीतून दोघांची गाणी येत होती, आणि टॅब ओट्याच्या कडेला चार्ज होऊन तयार होता. म्हटलं, एकदाच. आज सगळ्यांसमोर पोर उभी राहणार, निदान मला तरी कळू दे काय होणार आहे ते.

हिरवा झेंडा दाबला. डावीकडून कासव आलं, तुरुतुरु चालत छत्रीपाशी पोचलं आणि थांबलं.

आणि थांबूनच राहिलं.

मी वाट बघितली. बाई झोपलेली, कासव उभं, समुद्र जागच्या जागी. परत झेंडा दाबला. परत तेच. अडकलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो मोठा पडदा आला, त्यावरचं ते मुकं कासव, शेजारी माझी मुकी मुंगी, आणि सतरंजीवरून कुणीतरी "ह-ह-ह" करणार. कासवावर बोट ठेवलं, खाली त्याची रांग उघडली. चाल, चाल, चाल, आणि मग घड्याळं. घड्याळाचा ठोकळा म्हणजे थांब. एक लावला तर क्षणभर थांबतं. इथे घड्याळामागे घड्याळ, पडदा सरकवावा तेवढी पुढे घड्याळंच. चुकून बोट दाबलं गेलं असणार, लहानच आहे ती. मी एकेक घड्याळ उचलून रांगेबाहेर ओढलं. प्रत्येक वेळी 'पुक' असा बारीक आवाज व्हायचा. एक ठेवलं, शोभेपुरतं. पुन्हा झेंडा दाबून बघणार तोच मोरीची कडी वाजली. टॅब होता तिथे ठेवला आणि पोहे करपत असल्यासारख्या घाईने उगाच ओटा पुसायला लागले.

मुंगी टॉवेलात गुंडाळलेली बाहेर आली. आधी टॅबकडे गेली, त्याची वायर काढली, आणि तो छातीशी धरून उभी राहिली.

"झाला का ग च... चार्ज?"

"झाला," मी म्हटलं.

वाचनालयात त्या दिवशी खिडक्यांना जाड पडदे लावले होते. भिंतीवर मोठा पडदा. आम्हाला चहा होताच, नेहमीसारखा. एकेक पोर पुढे जाऊन सांगायचं, कार्ड कुणाला, आणि मग झेंडा दाबायचं. घंटेला सुट्टी मिळाली, पंख्याला मिळाली, दाताला मिळाली. दात तर कार्ड संपायच्या आत खरंच पडला आणि मालकाने तो सगळ्यांना फिरवून दाखवला.

"आता मुंगी," ताई म्हणाल्या.

ती उठली. पडद्याच्या उजेडात उभी राहिली. "हे का... का..." ओठ थरथरले. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. कार्ड. हे कार्ड. मी पुढे झुकले, चहा बोटांवर सांडला, चटका बसला तशी मागे झाले. मुंगीने मान हलवली, बोलणं सोडून दिलं आणि झेंडा दाबला.

कासव आलं. छत्रीपाशी पोचलं न पोचलं तोच बोललं. मुंगीचाच आवाज, शालीमुळे दबलेला: "च... चल, पाण्यात जाऊ." आणि लगेच वळून पाण्यात शिरलं, लाटांतून पुढे गेलं, पडद्याच्या कडेपलीकडे दिसेनासं झालं. छत्रीखालची बाई झोपलेलीच. पडद्यावर दुसरं काही नाही. बराच वेळ गेल्यावर बाईने डोळे उघडले. उठली, पिवळा झगा सावरत पाण्याकडे पळाली, लाटेच्या कडेला थांबली. आजूबाजूला कुणीच नव्हतं. बाई हात हलवत राहिली.

मला तेव्हा उमगलं. बाईला तिची स्वतःची रांग होती, आणि त्या रांगेत तिची स्वतःची घड्याळं. मुंगीने दोघांची घड्याळं एकमेकांना जुळवून लावली होती. मी एकाचीच काढली.

"ताई, ती बाई एकटीच राहिली!" भोंगा ओरडली. दोघंतिघं हसले.

मुंगी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती पडद्यावरच्या बाईकडे बघत होती. मग तिने टॅबवर कासव उघडलं, रांग सरकवली, परत मागे सरकवली.

"माझी घ... घ... घड्याळं गेली," ती म्हणाली.

मोठ्याने. सगळ्यांसमोर. या खोलीत तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य, आणि ते माझ्यावरची तक्रार होती.

"कुणी काढली?" भोंग्याने विचारलं. पोरं इकडेतिकडे बघायला लागली. पंखेवाला दातवाल्याकडे संशयाने बघत होता. मुंगीने मान वळवली आणि खुर्च्यांच्या रांगेत मला शोधलं. रागाने नाही. हरवलेली वस्तू शोधताना आपण ज्याच्याकडे हमखास बघतो, तसं.

"मी," मी म्हटलं. "मी काढली. मला वाटलं, अडकलंय."

दाढीवाले बाबा खोकले. ताई माझ्या पेल्याकडे बघत होत्या, जणू सगळी चूक त्यांनी चहा कमी भरल्याची होती.

"लावू का प... परत?" मुंगीने ताईंना विचारलं.

"तुझं कार्ड आहे. लाव."

ती तिथेच जमिनीवर बसली. तिचा टॅब मोठ्या पडद्याला जोडलेला, त्यामुळे प्रत्येक ठोकळा आम्हा सगळ्यांना दिसत होता. एक घड्याळ उचललं, रांगेत ठेवलं. दुसरं. तिसरं. मध्येच थांबून बाईची रांग उघडून बघितली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, परत कासवाकडे आली. कुणीतरी जांभई दिली. एक आई पुटपुटली, "ताई, जरा मदत करा ना तिला." ताईंनी उठून तिचा पेला भरला.

मग मुंगीने झेंडा दाबला.

कासव आलं, छत्रीपाशी थांबलं. थांबूनच राहिलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा.

"अडकलं," पंखेवाला कुजबुजला.

"गप रे," भोंगा तिच्या परीने हळू म्हणाली, "घड्याळ चालू आहे."

"पण ते बोलत का नाही?"

"शब्द येतोय," मुंगी म्हणाली. पडद्यावरची नजर न काढता. "तो वा... वाटेत आहे. तो आला की बोलेल."

आम्ही सगळे त्या मुक्या कासवाकडे बघत बसलो. थांबणं इतकं लांब असतं हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी ते शेवटपर्यंत होऊच दिलं नव्हतं. तिच्या प्रत्येक थांबण्याच्या मध्येच मी उडी मारली होती. तिचं अडखळणं दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तिला वेळ द्या, आणि मी मान डोलावून, दवाखान्याच्या दाराशीच तिच्याऐवजी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला होता. चहा निवत चालला होता. पेला आता सहज एका हातात मावला असता. मी दोन्ही हातांनीच धरला.

"च... चल, पाण्यात जाऊ," कासव म्हणालं, आणि त्याच क्षणी बाईने डोळे उघडले. दोघं वळली. दोघं पाण्यात शिरली, एकाच लाटेवर वर-खाली झाली, आणि पडद्याच्या कडेपलीकडे बरोबर गेली.

टाळ्या भोंग्याने सुरू केल्या, त्यामुळे त्या जोरात झाल्या.

"आता सांग," ताई म्हणाल्या. "सुट्टी कुणाला?"

मुंगी उठून उभी राहिली. "आ..." ओठ उघडे राहिले. "आ..."

आईला. मला माहीत होतं, छत्रीखालची बाई मीच होते, पिवळा झगाही माझाच. सगळ्या खोलीलाच कळलं असावं, कारण दोनतीन चेहरे माझ्याकडे वळले आणि पंखेवाल्याचं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

शब्द वाटेत होता. आम्ही थांबलो.

"आईच्या तोंडाला," मुंगी म्हणाली.

सगळी खोली खदखदली. दाढीवाल्या बाबांनी हसता हसता चहा शर्टवर सांडला. मीही हसले, कान गरम झाले तरी. मुंगी मात्र गंभीर होती. काहीतरी सांगायचं राहिलं होतं तिचं. हसणं विरेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग म्हणाली, "ती दो... दोघींचं बोलते ना. म्हणून दमते."

आता कुणी हसलं नाही. मी पेल्यात बघितलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी जाताना कोपऱ्यावर तिने माझा हात ओढला. स्टेशनरीचं दुकान. आत गेलो. ती काउंटरला नाक लावून उभी राहिली.

"काय देऊ ग?" दुकानदार म्हणाला.

"का... कागद. पि... पि..."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. त्याला सवयच ती. मी काचेतल्या पिस्ता रंगाच्या गठ्ठ्याकडे बघत होते. आज मला पक्कं माहीत होतं. तरी मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मागे एक गिऱ्हाईक उभं राहिलं. त्याने घसा खाकरला. दुकानदार गल्ल्यावर बोटं वाजवायला लागला. मी त्या दोघांकडे बघितलं नाही.

"पिवळा," मुंगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, समजावल्यासारखं, "मागचा सं... संपला ना."